पिठातली चावी

थोरला मुलगा अंगद हट्टा रोडवर अपघातात गेला. त्याच्या मोटारसायकलची चावी सत्यभामाबाईंनी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खोल पुरून ठेवली. धाकट्या बजरंगच्या हाती ती लागू नये म्हणून. पिठाच्या डब्यात घरातलं गडीमाणूस कधी हात घालत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाकरीला पीठ काढताना चावी बोटांना लागली. ती गरम होती, कुणी आत्ताच गाडी बंद करून खिशातून काढून दिल्यासारखी.

"चुलीची ऊब लागली असल, आत्याबाई," अंगदची बायको सीमा सासूला म्हणाली.

डबा चुलीपासून लांब, आतल्या खोलीत नेला. तिथंही दिवेलागणीला, अंगदच्या घरी यायच्या वेळेला, चावी रोज गरमच लागायची. सत्यभामाबाईंनी मग कुणाला सांगणं सोडून दिलं. ती थंड होईस्तोवर मुठीत धरून बसायच्या आणि पुन्हा पिठात पुरायच्या.

बजरंगनं शेवटी स्वतःची गाडी घेतलीच.

"काहून रडून राहिली, आई? हिंगोलीला जाऊन येतो," सकाळी निघताना तो म्हणाला. त्यांनी त्याच्या चावीला काळा दोरा बांधला, गाठीवर गाठ मारली.

संध्याकाळी त्यांनी डब्यात हात घातला. चावी लागली. तिच्या शेजारी आणखी काहीतरी लागलं.

"पीठ आणा, आत्याबाई," चुलीपासून सीमाचा आवाज आला. "भाऊजी येतीलच आता."

सत्यभामाबाईंनी मूठ बाहेर काढून उघडली. दोन्ही चाव्या गरम होत्या. एकीच्या दोऱ्याला पीठ लागलं होतं, पण गाठीवरची गाठ त्यांना ओळखू आली.