सातवी कोरणी

पाटावर शाडू कोरायच्या आठ कोरण्या होत्या: सात मी चार महिन्यांत ऑनलाइन मागवलेल्या, आठवी आप्पांची जुनी, अंगठ्याने खड्डा पडलेली. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांच्या गणपतीच्या सोंडेवरच्या वळ्या वाकड्या येऊ लागल्या आणि पेणच्या कारखान्यातून शेठनी त्यांना घरी बसवलं. “हात ठणठणीत हाय, कोरणी झिजलीय,” आप्पा म्हणायचे. मीही मोबाइलवर दुकानामागून दुकान पालथं घालत, पोलाद पडताळत मागवत राहिले. “ही कोरणी हाय का भाजीची सुरी?” म्हणत त्यांनी सहा नापसंत केल्या. सातवी धरताच हसले. “ही खरी कोरणी हाय गो पोरी! शेठला कळव, उद्या येतो.” कळवण्याआधी मी ओल्या शाडूवर पट्टीने दोन सरळ रेघा आखल्या. एकीवरून आप्पांनी नवी कोरणी ओढली, दुसरीवरून जुनी. मग मी मोजलं. नवी रेघेपासून चार मिलिमीटर सरकली होती. जुनीही चार.