तिसरं कडवं

"आणि या गाण्यामागची खरी गोष्ट आज साक्षात आपल्या स्टुडिओत बसली आहे!" रेडिओवरच्या निवेदकाने थोरलीकडे असा हात केला, जणू ती लॉटरीतलं बक्षीसच होती. "ताई, नवऱ्याला घराबाहेर काढल्यावर पहिलं काम काय केलंत?"

"आडवी झोपले," थोरली माइकमध्ये म्हणाली. "अख्ख्या पलंगावर."

निवेदक खदाखदा हसला. शेजारी बसलेली धाकटी बहीणही हसली. गाणं तिचं होतं. शब्द, चाल, आवाज, सगळं तिचंच. ‘एकटी मी, मोकळी मी, अख्खा पलंग माझा गं!’ सात आठवडे ते गावभर वाजत होतं. जिममध्ये, टॅक्सीत, अगदी लग्नांतसुद्धा, आणि तिथे कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला होती. नंबर काढायला आलेली माणसं हल्ली तिला विचारत, "त्या गाण्यातल्या ताई तुम्हीच का?" दोन वर्षांपूर्वी आपल्याला कुणी काही विचारूच नये असं तिला वाटायचं. आज ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून, नवा ड्रेस घालून इथे आली होती. बहिणीने मला पुन्हा माणसांत आणलं, असं ती येईल त्याला सांगायची, आणि अगदी मनापासून.

"आता खास आपल्या श्रोत्यांसाठी," निवेदक म्हणाला, "या गाण्याचं नवंकोरं तिसरं कडवं! ताईंनीही अजून ऐकलेलं नाही."

गाणं सुरू झालं. लाल दिवा विझला, माइक बंद झाले. निवेदकाने चार बोटं दाखवली, म्हणजे चार मिनिटं, आणि तो पाणी प्यायला बाहेर गेला.

थोरली मान डोलावत ऐकत होती. पहिली दोन कडवी तिला पाठच होती. मग तिसरं आलं:

बॅगेत त्याच्या सुई न् दोरा,
बटण तुझं तूच लाव रे पोरा!

तिची मान थांबली.

"हे सुई-दोऱ्याचं कुठून आणलंस?"

"तूच म्हणाली होतीस ना."

"मी नाही म्हणाले."

"मग सुचलं असेल गं. गाणं आहे, काहीबाही सुचतं."

थोरलीने नवऱ्याला हाकललं वगैरे काही नव्हतं. तो आपण होऊन निघाला होता आणि त्याची बॅग तिने भरली होती. राखाडी शर्टाचं एक बटण सैल होतं. ते लावायला हात धजेना, म्हणून तिने बाजूच्या कप्प्यात गुपचूप सुई-दोरा ठेवला. निदान बटण लावताना तरी आपली आठवण येईल, अशी खुळी आशा. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. जगाला तिने ‘मीच हाकलला’ असं ठोकून दिलं होतं, बहिणीलासुद्धा.

"त्याच्या नजरेलाही पडला नसेल तो दोरा," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "कप्प्यात अगदी तळाशी ठेवला होता मी."

तिचा उतरलेला चेहरा बघून धाकटीला राहवलं नाही. "पडला गं. कितीतरी दिवस जपून ठेवला होता त्याने," ती म्हणाली आणि तिने जीभ चावली.

अकरा वर्षं ती त्याला भावोजी म्हणत आली होती. सगळं मोडल्यावर शिव्या घालतानाही ‘भावोजी असे निघतील वाटलं नव्हतं’ असंच म्हणायची. आज भावोजी एकदम ‘तो’ झाले होते.

"बॅग कुठे उघडली त्याने?"

"ताई, आत्ता नको. दिवा लागेल."

"कुठे उघडली?"

धाकटी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली.

कडव्यानंतरचं म्युझिक चालूच होतं. थोरलीला ती संध्याकाळ आठवली. तो जाऊन दोन तासही झाले नव्हते आणि धाकटीचा फोन आला होता. थोरली हमसून हमसून रडत होती. "रडतेस काय ताई," धाकटी म्हणाली होती, "आता अख्खा पलंग तुझा!" त्या एका वाक्यावर थोरलीने दोन वर्षं काढली होती. तेव्हा तिने अजून कुणालाच काही कळवलं नव्हतं. मग हिला कसं कळलं, हा प्रश्न आज या खुर्चीत बसेपर्यंत तिला पडलाच नव्हता.

"तुझ्यासाठीच केलं गं मी हे गाणं," धाकटी रडवेली झाली. "शपथ."

थोरलीने तिच्याकडे पाहिलंही नाही. नवरा गेला तेव्हा रडायला बहीण होती. आता बहिणीचं कुणाकडे रडायचं, तिला कळेना.

निवेदक घाईघाईने येऊन खुर्चीत बसला. लाल दिवा लागला.

"काय ताई, कसं वाटलं तिसरं कडवं? बहिणीची पाठ थोपटायची की नाही?"

"छान आहे," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पण हे गाणं हिने एकटीने नाही केलं हं. आम्ही तिघांनी मिळून केलंय."

"अरे वा! हे आम्हाला माहीतच नव्हतं. तिसरं कोण?"

"हिचे भावोजी."

निवेदक अजून हसतच होता. नातं जुळवायला त्याला चार-पाच सेकंद लागले, आणि तेवढा वेळ लाल दिवा चालूच होता.