चार इंची भिंत

"तोड," थोरले म्हणाले.

गवंड्याने छिन्नी लावली आणि परत खाली घेतली. ही भिंत त्यानेच बांधली होती, वीस वर्षांपूर्वी, एका दिवसात. अलीकडे थोरला भाऊ, पलीकडे धाकटा, मधे हा विटा रचतोय. शेवटची वीट बसली तरी दोघांतला एकही 'थांब' म्हणाला नाही. ते दोन चेहरे गवंड्याच्या मानगुटीवर बसले ते बसलेच.

"परवानगी काढलीय का, दादा?"

"आतल्या भिंतीला परवानगी लागत नाही, असं बांधताना तूच म्हणाला होतास. मग पाडायला कशाला हवी? कालपासून उत्तर आलेलं नाही. तिकडचं दार लोखंडी, आतून कडी. ही चार इंची आहे. तोड!"

उत्तर! गवंड्याच्या अंगावर सरसरून काटा आला. थोरले रोज चहा झाला की या भिंतीवर तीनदा बोटं वाजवायचे. सोळा वर्षं वाजवली. धाकटा पक्का हट्टी, त्याने एकदाही उत्तर दिलं नाही. मग तो वारला. गवंडी स्वतः मातीला गेला होता. आणि दुसऱ्याच आठवड्यात पलीकडून उत्तर यायला लागलं. ठक, ठक, ठक. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला भास होतात. गवंडी हसला नाही. या खोलीला रंग देताना त्याने स्वतः ते ऐकलं होतं आणि डबा-ब्रश टाकून धूम ठोकली होती.

"दादा, धाकटे आता नाहीत हो."

"मला शिकवतोस? हातोडा चालव."

गिलावा पडला. एक वीट आत गेली. आत मिट्ट काळोख. आणि तळाशी, अगदी जमिनीलगत, आवाज आला.

ठक.

गवंडी दोन पावलं मागे सरला. थोरल्यांनी मात्र नुसत्या हातांनी विटा ओढायला सुरुवात केली. बोटं सोलवटली. भगदाड पडलं, उजेड आत गेला. भिंतीच्या कडेला धाकट्याची बायको पडली होती. ओठ कोरडे, पाय वाकडा, मूठ भिंतीला टेकलेली. जिवंत होती.

"भाऊजी, काल पाय घसरला. ओरडायला आवाजच फुटेना," ती कशीबशी म्हणाली. "हात वर पोचत नव्हता, खाली वाजवलेलं तुम्हाला ऐकू जात नव्हतं. तुम्हाला वाटलं असेल, हे पुन्हा रुसले. त्यांच्या नावानं मीच वाजवत होते. रागावू नका."

थोरले भगदाडातून आत शिरले आणि पाण्याचा पेला तिच्या ओठाला लावला.

"अगं वेडे, तो गेलाय हे मला कळत नव्हतं होय? चार वर्षं मी तुझीच खुशाली विचारत होतो."