गेटावरची कोनशिला

तिसरं पत्रही तेच म्हणत होतं. वकील प्रतिभा गायधनींनी ते टेबलावर आपटलं आणि समोर बसलेल्या नवनाथरावांना विचारलं, "कारखाना काढायला तुम्हाला जगात दुसरी जागाच मिळाली नाही का?"

नवनाथरावांनी टोपी काढून तिची घडी घातली. पिंपळगावचं द्राक्षांचं चांगलं चालतं पॅकहाऊस विकून शहाण्णव साली त्यांनी परदेशातल्या एका डोंगरी खोऱ्यात बेदाण्याचा कारखाना घातला. तिथं द्राक्षं मातीमोलानं मिळत. मेख एवढीच, की त्या खोऱ्यावर दोन देश हक्क सांगत होते, एक नदीच्या वरच्या अंगाचा, एक खालच्या. नवनाथराव त्यांना नावानं कधी म्हणत नसत. बांधावरून भांडणारी भावकी असावी तसं ‘वरले’ आणि ‘खालले’ म्हणत. अठ्ठ्याण्णवला वरल्यांचं सैन्य खोऱ्यात उतरलं, कारखान्याला कुलूप लागलं. तेव्हापासून एकेकाळचे पॅकहाऊसचे मालक नवनाथराव दुसऱ्याचा टेम्पो चालवत होते. कारखाना परत नाही तर भरपाई, यापैकी काहीच मिळालं नाही तर उरलेला जन्म टेम्पोतच जाणार होता.

भारताचा दोन्ही देशांशी करार होता. एकमेकांच्या हद्दीत आपल्या माणसांनी घातलेला पैसा सांभाळायचा, असं त्यात साफ लिहिलं होतं. आता हद्द कुणाची? वरले लिहीत, कारखाना बांधला तेव्हा खोरं आमच्या ताब्यात नव्हतं, खालल्यांना विचारा. खालले लिहीत, खोरं आमचंच आहे, पण बंदूक वरल्यांची, त्यांना विचारा. एरवी त्याच खोऱ्यासाठी एकमेकांच्या नरडीला हात घालणारे हे दोघे, भरपाईचं नाव काढलं की लग्नाच्या पंगतीत आग्रह करावा तसे ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करू लागत. तीन वर्षं हे तळ्यात-मळ्यात ऐकून प्रतिभाताईंचं डोकं उठलं होतं. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात यायची ती वाटणीची आणि घटस्फोटाची भांडणं. हा आंतरराष्ट्रीय लवाद त्यांनी हौसेनं अंगावर घेतला होता, आणि त्या हौसेला आता त्या रोज शिव्या घालत होत्या.

परवानगीचा कागद वरल्यांनीच दिला होता, असं नवनाथराव शपथेवर सांगत. पण तो कारखान्याच्या कपाटात, आणि कपाट सैन्याकडे.

"उद्घाटनाच्या दिवशी खोऱ्यात हुकूम कुणाचा चालत होता, हे दाखवायला दुसरं काही आहे?" प्रतिभाताईंनी कंटाळून विचारलं.

"कोनशिला हे की," नवनाथराव म्हणाले.

हे त्यांनी तीन वर्षांत सांगितलं नव्हतं. प्रतिभाताईंनी कपाळाला हात लावला. आपल्याकडे साधी पिठाची गिरणी काढली तरी पाहुण्याच्या नावाची संगमरवरी पाटी लागतेच, आणि तिच्यावर नाव राहून गेलेला माणूस जन्मभर आपल्याशी बोलत नाही. नवनाथरावांनी तर ती पाटी नाशकात कोरून घेऊन कंटेनरमधून तिकडे नेली होती. फोटो पिशवीतच होता. गेटापाशी दोन लोखंडी खांबांच्या मध्ये पाटी, वाटेत उडालेला तिचा उजवा कोपरा, वर गणपती, खाली इंग्रजीत उद्घाटनाची तारीख आणि ज्यांच्या शुभहस्ते झालं त्या वरल्या सरकारच्या मंत्र्याचं नाव. शेजारी पेठकडचा झिपरू नावाचा गडी, पाटीवर हात ठेवून हसत उभा.

"भिंतीत का नाही बसवली?"

"भिंत ओली व्हती."

आणि या माणसाला एवढ्या लांब कशाला नेलं, असंही प्रतिभाताईंनी विचारलं. गेटावर भरवशाचा माणूस पाहिजे, नवनाथराव म्हणाले. कोण आलं ते बघायचं, पाटी नीट करायची, एवढंच त्याचं काम. लय कामाचा गडी. खालल्यांनी कधी त्रास दिला नाही का, तर तेही नाही. दोघांनाही दिवाळीला बेदाण्याची पेटी जायची.

प्रतिभाताईंना यापुढचं ऐकायला वेळ नव्हता. त्या आठवड्यात त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं निवेदन लिहिलं. ज्या सरकारचा मंत्री येऊन कारखाना उघडतो, ती हद्द त्याच सरकारची आणि जबाबदारीही त्याचीच. ही कोनशिला ज्याचं नाव सांगेल त्यानं भरपाई द्यावी, आमचा दुसरा कसलाही पुरावा नाही आणि आम्हाला तो नकोही. शेवटचं वाक्य त्यांनी नवनाथरावांना मोठ्यानं वाचून दाखवलं: "सरकारं दोन तोंडांनी बोलतात, दगड बोलत नाही."

नवनाथरावांनी मान हलवली. थोडा वेळ काही बोलायचं असल्यासारखे ते दारात घुटमळले, मग टेम्पो उभा आहे म्हणून निघून गेले.

दोन महिन्यांनी वरल्यांच्या वकिलाचं उत्तर आलं. नवनाथराव पेढे घेऊनच आले होते. प्रतिभाताईंनी पाकीट फोडलं आणि पहिली ओळ वाचूनच त्यांना हसू फुटलं. दावेदाराचं म्हणणं आम्हाला पूर्ण मान्य आहे, असं त्यात लिहिलं होतं. निकाल त्या दगडावरच व्हावा. दगड आमच्या ताब्यात आहे, त्याचे दोन फोटो सोबत जोडले आहेत.

"दोन कशाला?" प्रतिभाताई पुटपुटल्या.

नवनाथरावांनी पेढ्यांचा पुडा हळूच पिशवीत परत ठेवला.

पहिला फोटो ओळखीचा होता. दुसऱ्यात तोच दगड, तेच दोन खांब, तोच गणपती आणि तीच तारीख. फक्त उडालेला कोपरा आता डावीकडे होता, आणि उद्घाटन खालल्या सरकारच्या मंत्र्याच्या शुभहस्ते झालं होतं.