न धुतलेला कोट

बेचाळीसच्या चळवळीत वादिराजमास्तरांना पकडून नेलं, तेव्हापासून त्यांचं मांजर पोटाचे केस उपटत होतं. त्यांच्या बायकोने, श्यामलाने कडुनिंबाचं पाणी लावलं, तरी जखमा वाढतच गेल्या. “वहिनी, खरूज आहे. उद्या लांब अमरगोळ गावाला सोडून येतो,” दीर म्हणाला. घाबरून तिने मांजराला टोपलीतून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी केस विंचरून पाहिले. “खरूज नाही, अक्का. घरातून कुणी गेलंय का?” “हे तुरुंगात आहेत.” “मग त्याने धास्ती घेतलीय. त्यांचा न धुतलेला कपडा अंथरा.” असा एकच कोट उरला होता. रोज दुपारी ती त्यात तोंड खुपसून बसायची. कोट ठेवलेल्या पेटीपाशी बराच वेळ थांबून तिने तो अंथरला. मांजर हुंगत हुंगत निजलं. आठवड्याने पोटावर लव उगवली. श्यामलाने कोट उचलून हुंगला. आता त्याला मांजराचाच वास होता. तिने तो पुन्हा मांजराखाली अंथरला.