पाण्याचा घोट

मिरजेतल्या अंध श्रोत्यांना कुंदाताई लिमये रोज सकाळी फोनवर पेपर वाचून दाखवायच्या. निधनवार्ता सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी घोटभर पाणी. दत्ताराम चिकोड्यांना तो घोटसुद्धा पाठ झाला होता.

आजही घोट ऐकू आला. मग त्याच मायेच्या आवाजात बातमी आली, "कुंदा लिमये, वय चौऱ्याहत्तर. दोन वर्षं कोमात होत्या. अंत्यविधी आज सकाळी अकराला." आवाज जराही अडखळला नाही. पुढचं नाव वाचू लागला.

चिकोड्यांनी हे वाचन केंद्र चालवणाऱ्या हुपरीकरांना फोन लावला. ते गडबडले. "मशीनला पान देण्याआधी ते नाव काढायचं राहून गेलं. पण आवाज त्यांचाच आहे हो, काका. वाचायला माणसं मिळेनात, म्हणून मशीन फक्त दिलेलं पान त्यांच्या आवाजात वाचतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही."

"वाचनाचं सोडा," चिकोडे म्हणाले. "वाचून झालं की त्या रोज पाच मिनिटं माझ्याशी बोलायच्या. गेल्या वर्षी माझी बायको गेली, तेव्हा फोनवर हुंदके देऊन रडल्या."

पलीकडे हुपरीकर कागद चाळू लागले.

"आता बोला की," चिकोड्यांचा आवाज चढला. "तेव्हा माझ्याबरोबर रडलं कोण?"