गाऱ्हाणं, समुद्रापल्याडच्या आईसाठी

साहेब, देवरूखजवळच्या मैनाच्या घराला पाहुणे ठेवायचा परवाना नाकारताना तुम्ही खोटं लिहिलंत. तपासणीला आलात तेव्हा ओळखीतली जर्मन पाहुणी पडवीत रडत बसली होती. तिकडे तिच्या आईचं ऑपरेशन चाललं होतं. मैनाच्या सासऱ्यांनी नारळ उचलला आणि देवाला गाऱ्हाणं घालायला अख्खी वाडी बोलावली. "आबा, परमुलखातल्या माणसाचं आपला देव ऐकंल?" मैनानं विचारलं. "चार दिस आपल्यात जेवली, मंग परकी कशी?" म्हातारा अंगणात ताठ उभा राहिला. "बा देवा म्हाराजा, हिची आय समुद्रापल्याड हाय, तिला सुखरूप उठव." "व्हय म्हाराजा," तीस माणसं एका आवाजात बोलली. शब्द न कळताही पाहुणीनं हात जोडले. तुम्हीही बूट काढून 'व्हय म्हाराजा' म्हणालात, मैनानं ऐकलंय. मग अर्जावर 'पाहुण्यांची सोय नाही' कसं लिहिलंत?